गंगाजळी कुणाची, घर कुणाचे?

(किला गेट येथील मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेनंतर चहाच्या वेळी एक विषय निघाला आणि बराच तापला. अमेरिकेने २०२५ साली परदेशांना द्यायच्या मदतीतून हात काढून घेतला. यूएसएड ही त्यांची संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली आणि गरीब देशांतल्या कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यांना मिळणारा माल थांबला. त्यावर आपल्यातले एक गृहस्थ म्हणाले, ‘आपल्या देशाजवळ शेकडो अब्ज डॉलर नुसते पडून आहेत, त्यातले चार आपण का देऊ नयेत?’ दुसरे म्हणाले, ‘आधी घरचे पाहा.’ तिसरे म्हणाले, ‘द्यावेतच, म्हणजे त्या लोकांची संख्या तरी आटोक्यात येईल.’ अध्यक्षांनी आम्हाला फर्मावले की तुम्ही बँकेतली माणसे, पुढच्या सभेत हिशेब नीट मांडा. म्हणून आज उभे आहोत.

आम्ही काउंटरवर बसणारे, धोरण ठरवणारे नव्हे. परंतु जमा कोणती आणि देणे कोणते, एवढे पाहण्याची सवय आमच्या हाताला लागलेली असते. त्या सवयीने तिन्ही मतांकडे पाहू.

परकीय चलनाच्या साठ्याला मराठी वर्तमानपत्रे ‘गंगाजळी’ म्हणतात. इतर ठिकाणी हा नुसता शब्द असेल. आपल्या ग्वाल्हेरात मात्र शिंदे सरकारच्या राखीव खजिन्याचेच ते नाव होते. या किल्ल्याच्या पोटातल्या खजिन्याच्या गोष्टी ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. गंगाजळीचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. रोजच्या खर्चाला तिला हात लावायचा नाही, अडीअडचणीलाच ती उघडायची. परंतु हेही लक्षात असू द्या की, टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळते भांडवल हवे होते तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे आपल्या माधवराव महाराजांनीच घेतले. म्हणजे साठवलेला पैसा कामाला लावणे शिंदे सरकारला वर्ज्य नव्हते. मात्र त्यांनी तो उधळला नाही, रोख्यावर दिला. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

आता मूळ विषय. एका देशाने दुसऱ्या देशाच्या चलनात साठवलेला पैसा कुटुंबनियोजनासाठी वापरावा, ही कल्पना नवी नाही. ती एकदा पूर्वी कायद्यात उतरलेली आहे. आणि तेव्हा घेणाऱ्याच्या जागी दुसरे कुणी नव्हते, आपणच होतो.

ज्येष्ठांना अमेरिकेचा लाल गहू आठवत असेल. राशनच्या दुकानात मिळणारा हा गहू ज्या कायद्याखाली आला त्याचे नाव पी. एल. ४८०. तो अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये झाला. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. त्यावर भारतातर्फे सही करणारे अन्नमंत्री म्हणजे आपले मुंबईचे स. का. पाटील, आणि अमेरिकेतर्फे सही करणारे खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, असा तो करार होता.

या गव्हाची गंमत अशी की त्याचे पैसे आपण डॉलरमध्ये द्यायचे नव्हते. आपल्याजवळ डॉलर होतेच कुठे? पैसे रुपयांत द्यायचे, आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या नावावर जमा व्हायचे. सुरुवातीला हे खाते स्टेट बँकेत होते, १९६० पासून ते रिझर्व्ह बँकेकडे गेले. गहू येत गेला, खाऊन संपत गेला आणि खात्यावरची रक्कम फुगत गेली. भारताच्या भूमीवर, भारताच्या चलनात, शेकडो कोटी रुपये परक्या सरकारच्या मालकीचे झाले. अमेरिकेच्या दृष्टीने ही त्यांची परकीय चलनाची गंगाजळीच होती, फक्त ती दिल्लीत होती आणि बाहेर नेता येत नव्हती.

मग ती खर्च कशी करायची? वकिलातीचा खर्च त्यातून होई. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी करून तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. शिकागोच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटे दिसतात, त्यामागे हा लाल गहू आहे. पण सर्वांत मोठा हिस्सा कर्ज म्हणून भारत सरकारकडेच परत येई. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून नीळकंठ रथ आणि पटवर्धन यांनी १९६७ साली या साऱ्या मदतीचा अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला याचा अभ्यासच प्रसिद्ध केला.

आता येथे हिशेबाचा मुद्दा आहे. खात्यावर जमा रक्कम आणि वापरायला मोकळा माल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या खात्यावर रुपये होते, पण त्या रुपयांमागचा गहू खाऊन झाला होता. उद्या त्यांनी ती रक्कम एकदम खर्चायला काढली असती, तर बाजारात नवे रुपये आले असते आणि माल तेवढाच राहिला असता. म्हणजे महागाई. त्यामुळे ‘अमेरिकेचे रुपये आहेत, फुकटात खर्च करा’ असे म्हणणे दिसते तेवढे सरळ नव्हते. त्या खर्चाचा भार शेवटी येथल्याच बाजारावर पडणार होता.

१९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे लागोपाठ दुष्काळ पडला. अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे एकदम न सोडता मोजून मापून सोडायला सुरुवात केली. शेतीचे धोरण बदला, इतर गोष्टी सुधारा, मग पुढचे जहाज. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. आणि ११ नोव्हेंबर १९६६ रोजी पी. एल. ४८० कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार त्या त्या देशात साठलेले चलन त्याच देशातल्या कुटुंबनियोजनाच्या कामासाठी वापरता येईल, असे कलम आले. १९६८ च्या दुरुस्तीने आणखी पुढे जाऊन, संबंधित देशाने मागणी केल्यास विक्रीच्या रकमेतला किमान ५ टक्के हिस्सा या कामाला द्यावा, असे म्हटले.

न्यायाने बोलायचे तर कायद्यात ‘ऐच्छिक’ हा शब्द स्पष्ट होता, आणि ‘देशाने मागितल्यास’ हेही होते. पण ज्याच्या गोदामात दोन महिन्यांचा गहू आहे, त्याच्या मागणीला किती ऐच्छिक म्हणायचे? बँकेत कर्ज मागायला आलेला माणूस सगळ्या अटींवर सही करतो. ती सही त्याची स्वतःची असते, पण त्याचे हात बांधलेले असतात हे काउंटरपलीकडच्यालाही दिसत असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कुटुंब लहान असावे हा विचार आपल्याला अमेरिकेने दिला नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. शकुंतलाबाई परांजपे यांनी हेच काम पुढे नेले, त्या १९६४ ते १९७० राज्यसभेवर होत्या. आणि १९५२ साली सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये होते, तिसरीत २७ कोटी, चौथीत ३१५ कोटी.

कर्व्यांच्या कामात आणि १९६६ नंतरच्या कामात फरक काय? कर्वे बाईच्या बाजूने बोलत होते. तिला मूल कधी हवे, हवे की नको, हे तिने ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. १९६६ नंतर आकडे बोलू लागले. जिल्ह्याला उद्दिष्ट, तहसिलीला उद्दिष्ट, शिक्षकाला उद्दिष्ट. उद्दिष्ट आले की बाईचे नाव मागे पडते आणि तिची गणना ‘केस’ म्हणून होते.

याचा शेवट काय झाला हे आपण विसरलेलो नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. शहा आयोगापुढे १,७७४ मृत्यूंची नोंद आली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. हे सारे अमेरिकेने केले असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. तोपर्यंत ते रुपयांचे खातेही बहुतांशी निकालात निघाले होते. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. तेव्हा आणीबाणीतली सक्ती आपल्याच सरकारची, आपल्याच अधिकाऱ्यांची. पण माणसे म्हणजे आकडे, हा धडा मात्र त्या आधीच्या दहा वर्षांत सर्वांनी मिळून गिरवला होता, देणाऱ्यांनीही आणि घेणाऱ्यांनीही.

त्यामुळे तिसऱ्या मताला आमचे उत्तर असे. ‘त्या लोकांची संख्या आटोक्यात येईल’ हे वाक्य १९६६ साली वॉशिंग्टनमध्ये बोलले जात होते, आणि ‘ते लोक’ म्हणजे आपण होतो. त्यात लष्करातले आले, हजीऱ्यावरचे आले, किला गेटचेही आले. ज्याने ते वाक्य स्वतःबद्दल ऐकले आहे त्याने ते दुसऱ्याबद्दल उच्चारू नये.

आता पहिले मत. डॉलर पडून आहेत, त्यातले द्यावेत. आपला साठा सप्टेंबर २०२४ मध्ये ७०० अब्ज डॉलरच्या वर गेला होता, ही गोष्ट अभिमानाची आहे. १९९१ साली तो इतका खाली आला होता की जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल. त्या वर्षी स्टेट बँकेमार्फत २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण पडले. ज्या पिढीने ते पाहिले ती गंगाजळीला हात लावताना दहादा विचार करील.

पण भीतीपेक्षाही हिशेब महत्त्वाचा. हे डॉलर सरकारची शिल्लक नव्हेत. निर्यातदार माल विकतो, आपली मुले पुण्या-बंगळूरहून पुढे अमेरिका-दुबईला जातात आणि घरी पैसे पाठवतात. २०२४-२५ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी १३५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. बाजारातले डॉलर रिझर्व्ह बँक विकत घेते आणि त्या बदल्यात रुपये देते. तिच्या ताळेबंदात डॉलर मालमत्तेच्या बाजूला आणि रुपये देण्याच्या बाजूला. आपण डॉलर कुणाला देऊन टाकले तर देणे तसेच राहते आणि समोरची बाजू रिकामी होते. वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की असा ताळेबंद जुळत नाही.

शेजाऱ्यांना आपण गंगाजळीतून मदत करतच नाही, असेही नाही. सार्क देशांसाठी चलन अदलाबदलीची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून ठेवली आहे. २०२२ साली श्रीलंका बुडत होती तेव्हा तिला त्यातून ४० कोटी डॉलर मिळाले. पण ती उसनवारी आहे, मुदतीने परत येणारी. माधवराव महाराजांचा रोखा तोच न्याय सांगतो. गोळ्या, निरोध, तांबी यांवर झालेला खर्च मात्र परत येत नाही, आणि येऊही नये.

परक्याच्या खात्यावर रुपये साचणे हा प्रकारही इतिहासजमा झालेला नाही. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेची बैठक झाली, तेव्हा रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी सांगितले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. गव्हाच्या जागी तेल आले, एवढेच.

मग मदत करायचीच नाही का? येथे दुसऱ्या मताकडे वळू. ‘आधी घरचे पाहा’ हे म्हणणे रास्त आहे, पण घरची स्थिती १९६६ ची राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात एका स्त्रीमागे सरासरी मुले २.०, आपल्या मध्य प्रदेशातही २.०, महाराष्ट्रात १.७. आपल्या जुन्या घरांत तर एकुलत्या एका मुलाला चुलत भाऊ कोण आणि मावस बहीण कोण हे शोधावे लागते. दुसरीकडे जगात वीस कोटींहून अधिक स्त्रिया अशा आहेत की ज्यांना आज मूल नको आहे आणि तरी त्यांच्या हाती आधुनिक साधन नाही. अमेरिका या कामाला वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलर देत होती, म्हणजे पाच हजार कोटी रुपयांच्या वर. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आपण सर्व देशांना मिळून द्यायच्या मदतीची तरतूदच सुमारे साडेपाच हजार कोटींची होती. तेव्हा अमेरिकेची जागा आपण भरून काढू ही भाषा नको. पण खारीचा वाटा उचलता येईल, आणि तो कसा उचलायचा हे आपल्याइतके कुणाला ठाऊक नाही. कारण आपण घेणारे होतो.

हा पैसा यायचा कोठून? मुद्दलातून नको, व्याजातून यावा. गंगाजळीतले डॉलर परदेशी रोख्यांत गुंतवलेले असतात, त्यांवर उत्पन्न मिळते. रिझर्व्ह बँक आपला वाढावा दरवर्षी केंद्र सरकारला देते. २०२४-२५ या वर्षासाठी तो सुमारे २ लाख ६९ हजार कोटी रुपये होता. एकदा तो सरकारच्या तिजोरीत आला की संसदेच्या मंजुरीने त्यातला अंश कुठेही देता येतो. हा मार्ग सरळ आहे आणि त्याचा हिशेब लोकप्रतिनिधींना द्यावा लागतो. गंगाजळीला थेट हात घातला तर तो हिशेब कुणी विचारणार नाही.

आणि द्यायचे कसे? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली, शक्यतो माल द्यावा. हिंदुस्थान लॅटेक्स ही सरकारी कंपनी १९६६ साली स्थापन झाली ती याच कामासाठी. निरोध योजना १९६८ साली सुरू झाली तेव्हा माल बाहेरून आणावा लागला होता, आज आपण तो इतरांना पुरवू शकतो. रुपये येथल्या कामगाराला मिळतील आणि डॉलर बाहेर जाणार नाहीत.

दुसरी, मागितल्यावाचून देऊ नये, आणि दुसऱ्या कुठल्या मदतीच्या दोरीला बांधून देऊ नये. धान्य हवे असेल तर आधी नसबंदीचे आकडे दाखवा, असे आपल्या तोंडून कधीही निघता कामा नये.

तिसरी, उद्दिष्ट नको. आपल्याच सरकारने एप्रिल १९९६ मध्ये उद्दिष्टांची पद्धत कागदोपत्री सोडली. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, बिलासपूर जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरांनंतर तेराहून अधिक बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाला १४ सप्टेंबर २०१६ रोजी अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश द्यावा लागला. दुसऱ्याला साधने देताना हा अनुभवही सोबत द्यावा, लपवू नये.

चौथी, पुरुषांना वगळू नये. आणीबाणीपूर्वी आपल्याकडे नसबंदी करून घेणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य होते. सक्तीचा धसका पुरुषांनी घेतला आणि भार बायकांवर गेला. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली, पतीची नसबंदी झालेल्या केवळ ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असूनही हे प्रमाण आहे. जगाला शिकवण्याआधी या आकड्याकडे आपण सर्व पुरुषांनी एकदा मान खाली घालून पाहावे.

एक बातमी सांगून आटोपते घेतो. यूएसएड बंद पडल्यावर सुमारे ९७ लाख डॉलर किमतीची गर्भनिरोधके बेल्जियममधल्या गोदामात अडकली. ती गरजूंना देण्याऐवजी जाळून टाकायचे अमेरिकेने ठरवल्याच्या बातम्या २०२५ च्या जुलैत आल्या. पैसे भरलेला, तयार माल, आणि घ्यायला बायका वाट पाहत आहेत. देणाऱ्याचे मन फिरले की घेणाऱ्याचे काय होते, हे १९६६ साली जहाजांची वाट पाहणाऱ्या आपल्या आईवडिलांना ठाऊक होते. म्हणून आपण देऊ तेव्हा थोडे देऊ, पण वर्षानुवर्षे देऊ, संसदेत मंजूर करून देऊ.

मंडळापुढे आमची सूचना साधी आहे. आपल्या खासदारांना मंडळाच्या वतीने पत्र जावे. त्यात तीन वाक्ये असावीत. परकीय चलनाच्या साठ्याला हात न लावता, अर्थसंकल्पातून, शेजारी आणि आफ्रिकी देशांना त्यांनी मागितल्यास कुटुंबनियोजनाची साधने द्यावीत. त्यास कोणतीही अट किंवा उद्दिष्ट जोडू नये. आणि दरवर्षी त्याचा हिशेब सभागृहापुढे ठेवावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आजच बोलावे, पत्रात त्यांचे मतही नोंदवू. चहाच्या वेळी तापलेला विषय कागदावर आला तरच त्याला अर्थ आहे.